वन्समोर देऊ नये

हिंगणघाटच्या गिरणी कामगारांचं नाट्यमंडळ दरवर्षी वर्ध्याच्या स्पर्धेत उतरायचं आणि दरवर्षी रिकाम्या हातानं परत यायचं. एकदा त्यांनी बेकारीवर नाटक केलं. त्यात तीन माणसं दोन तास एका खांबाखाली बसून होती. परीक्षकांनी शेरा दिला, 'खांब चांगला.' पुढच्या वर्षी हुंड्यावर केलं. नायिका विहिरीकडं धावते त्या ऐन प्रसंगाला पहिल्या रांगेत कोणीतरी घोरायला लागलं, आणि तो कोणीतरी नेमका परीक्षक निघाला.

म्हणून त्र्याऐंशी साली प्रभाकररावांनी ठरवलं, की समाजाला आता काही सांगायचं नाही. प्रभाकरराव कॉलेजात मराठी शिकवत आणि मंडळाला नाटकं लिहून देत. मूळचे साताऱ्याकडचे. हिंगणघाटात बारा वर्षं झाली होती, पण अजून उन्हाबद्दल तक्रार करत, म्हणजे रुळले नव्हते. त्यांनी 'संगीत मुहूर्तभंग' नावाचं विनोदी नाटक लिहिलं. जुन्या संगीत नाटकांना वंदनही करायचं आणि जाता जाता चिमटाही काढायचा, असा बेत. एका घरी लग्न आहे आणि त्या घरातला प्रत्येक माणूस बारीकसारीक गोष्टीला पद म्हणतो, एवढीच गोष्ट. नवरी पाणी मागते ती तीन कडव्यांत. मांडवाला आग लागते तेव्हा नोकर धावत येतो आणि ती बातमी भीमपलासात, आलापीसकट सांगतो. तो समेवर येईपर्यंत मांडव जळालेला असतो आणि मुहूर्त टळलेला असतो.

लिहून झाल्यावर लक्षात आलं, की चिमटा काढायला निघालेल्यांपैकी एकानंही जुनं संगीत नाटक पाहिलेलं नाही. तेव्हा चिंधूनं एक नाव सुचवलं. चिंधू गिरणीत कताई खात्यात होता आणि मंडळाचा विनोदी नट होता.

"जिनातले काटेबाबू नाई का, रूपराव बाबूजी? ते म्हने लहानपनी नाटक कंपनीत बाई होते."

रूपराव जिनिंगमध्ये पस्तीस वर्षं कापसाच्या गाड्या तोलून वर्षापूर्वी निवृत्त झाले होते. चौदाव्या वर्षी ते घरातून पळून 'आनंदविलास' नावाच्या फिरत्या संगीत मंडळीत गेले होते. तेव्हा बोलपट येऊन बसले होते आणि बायकांच्या भूमिका बायकाच करू लागल्या होत्या. पण आनंदविलासच्या मालकांना ही बातमी उशिरा लागली. सहा वर्षं रूपराव नायिका झाले. मग आवाज फुटला, कंपनी फुटली, आणि ते धोतर नेसून घरी आले. गावानं त्यांना जे काय म्हणायचं ते दोनेक वर्षं म्हणून घेतलं. त्यानंतर रूपराव कधी गायले नाहीत. मनकर्णाबाईंशी लग्न झालं तेव्हा सासरच्यांना 'मुलगा कंपनीत होता' एवढंच सांगितलं. त्यांना वाटलं, कापसाच्या कंपनीत.

नाटकाचं वाचन झालं तेव्हा सगळे पोट धरून हसत होते. रूपराव एकटेच लक्ष देऊन ऐकत होते. नवरीचा बाप मरतो आणि वन्समोर आला म्हणून उठून पुन्हा गात गात मरतो, या जागी ते म्हणाले, "बरोबर लिवलं तुमी. आमचे मालक दोनदा उठत. तिसऱ्या वेळी दमा लागे त्याईले."

परत हशा झाला. रूपरावांनी मागं वळून पाहिलं, विनोद कोणी केला म्हणून.

तालमी सुरू झाल्या. रूपराव गिरणीतल्या दांडग्या पोरांना पदर कसा धरायचा, लाजून दाराआड जाताना आधी कोणता पाय उचलायचा, हे शिकवत. पोरं शिकत आणि त्याचं माकडचाळ्यात रूपांतर करत. रूपरावांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांच्या कंपनीतही बहुतेकांचं तेच होत असे, फक्त लोक तेव्हा तिकीट काढून रडत.

प्रभाकररावांनी त्यांना नवरीच्या आत्याची भूमिका दिली. या आत्याची वरात वीस वर्षांपूर्वी मांडवातून परत गेलेली आणि तेव्हापासून ती भावाच्या घरी पापड लाटते आहे. तिसऱ्या अंकात, मुहूर्त टळल्यावर, ती भाचीला जवळ घेऊन एक पद म्हणते. प्रभाकररावांनी ते पद खुसखुशीत लिहिलं होतं, त्यात पापडही होता. रूपरावांनी कागद परत दिला.

"हे एक पद साधं लिवा जी. हासायचं नाई असं."

"पण नाटक विनोदी आहे, रूपरावजी."

"असू द्या ना. हासता हासता मानूस दम घेतेच की नाई? तवा म्हनतो मी."

प्रभाकरराव सज्जन होते. त्यांनी नवं पद लिहिलं:

सरली वरात, दीप विझेना
उंबऱ्यावरचा पाय निघेना

पायपेटी वाजवणाऱ्या प्रेमदासनं त्याला जोगियात चाल लावली. प्रेमदासही कताईतलाच, दिवसभर धडधडत्या साच्यांच्या आवाजात उभा राहून त्याचे कान अर्धे गेलेले, पण सूर तेवढा ऐकू यायचा. रूपरावांनी चाळीस वर्षांनी तोंड उघडलं. आवाज म्हातारा झाला होता, खर्जाला फाटत होता. पण वर जाताना एका जागी तो असा सरळ उभा राही, की प्रेमदासचा पाय भात्यावर क्षणभर थबके.

"काय जी बाबूजी," तो म्हणाला, "इतकी वर्सं काट्यावर बसून काऊन राह्यले तुमी?"

रूपरावांची दुसरी अट निघाली ती चिंधूमुळे. प्रेक्षक ऐन वेळी गप्प बसले तर पंचाईत नको, म्हणून चिंधूनं पाच-सहा माणसं जागोजागी बसवून त्यांच्याकडून वन्समोर ओरडून घ्यायचा बेत केला होता.

"माह्या पदाले एकबी मानूस बसवाचा नाई," रूपराव म्हणाले.

"अन् आला नाई तं, बाबूजी?"

"तं नाई आला."

"लोकाईले ठाऊकच नसन ना बाबूजी आता, वन्समोर काय रायते ते. शिनेमात थोडीच मागता येते?"

"तं नाई आला, म्हनलं ना बे."

हे ते इतक्या करड्या आवाजात म्हणाले, की चिंधूनं सगळ्याच पदांची माणसं काढून टाकली. त्याला कारण कळलं नाही, आणि रूपरावांनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. आनंदविलासमध्ये रूपरावांना वन्समोर मिळत. अमरावतीला एका पदाला चार मिळाले होते. ओरडा झाला की नटानं लोकांकडं बघायचं नसतं. शेवटचा सूर जिथं सुटला तिथंच, त्याच पवित्र्यात थांबायचं. पेटीवाला पुन्हा सूर देतो, मग पहिल्यापासून म्हणायचं. सोळा वर्षांचा रूपराव त्या थांबण्यात जेवढा सुखी होता तेवढा पुढं कधी झाला नाही, लग्नातही नाही. मग कंपनी मोडली. खामगावच्या धर्मशाळेत निरोपाच्या वेळी बुढा तबलजी सहज बोलून गेला, की मालक दर खेळाला चार माणसं फुकट पासावर बसवत आणि वन्समोरचा पहिला आवाज त्यांचा असे. "पहिला नाई तं सगळेच त्याईचे," असंही म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला. रूपरावांनी विचारलं, "अमरावतीचे चार?" तबलजी म्हणाला, "आता कोन हिसाब ठेवते, बाळा."

चाळीस वर्षं रूपराव तेवढंच विचारत राहिले होते. आता एक वन्समोर, न बसवलेला, मिळाला असता तर अमरावतीचे चारही खरे धरता आले असते.

स्पर्धेचा नियम मात्र वेगळ्याच गोष्टीचा होता. नाटक पावणेतीन तासांत संपलं पाहिजे. मिनिट उलटलं की बाद. मंडळाला दुपारी दोनची वेळ मिळाली, म्हणजे जोगिया सायंकाळी साडेचारला येणार होता. रूपराव म्हणाले, पहाटेचा राग आहे. प्रभाकरराव म्हणाले, परीक्षकांना कळणार नाही. रंगीत तालमीत नाटक अकरा मिनिटं जास्त चाललं. सगळ्यांनी आपापल्या ताना काढल्या. रूपरावांनीही दोन अंतऱ्यांतला एक काढला.

वर्ध्याचं सभागृह भरलं होतं. हिंगणघाटाहून दोन ट्रक भरून माणसं आली होती, आणि बाकीचे फुकट होतं म्हणून आले होते. मनकर्णाबाई शेजारणींबरोबर चौथ्या रांगेत बसल्या. नवऱ्याला लुगड्यात बघायला त्या का आल्या, हे त्यांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, "ट्रक येऊनच राह्यला होता."

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात आग लागली. चिंधू धोतराचा सोगा सावरत धावत आला, थांबला, घसा साफ केला, पेटीला सूर मागितला, आणि "मंडप जळऽऽतो" असा आलाप घेऊन कानावर हात ठेवला. सभागृह फुटलं. आणि मग, मागच्या कुठल्याशा रांगेतून, एका म्हाताऱ्या आवाजात आलं, "वन्समोर!"

विंगेत उभे असलेले रूपराव एक पाऊल पुढं आले. हा आवाज कोणी बसवलेला नव्हता. लोकांना आठवत होतं! एकानं हाक दिली आणि चारशे माणसांनी ती उचलली. चिंधूनं पुन्हा आग लावली. पुन्हा वन्समोर. तिसऱ्यांदाही. परीक्षकसुद्धा हसत होते.

पडदा पडला तेव्हा रूपराव लगबगीनं लुगडं बदलायला गेले. रंगपटाची सोय अंगणापलीकडच्या शाळेच्या वर्गात होती. फळ्यावर कोणीतरी अपूर्णांक सोडवायचे ठेवून गेलं होतं. रूपराव पांढरं लुगडं नेसले, आरशात बघून कपाळ पुसलं, आणि धावतपळत विंगेत आले तेव्हा तिसऱ्या अंकाची घंटा झाली होती.

पद आलं. भाची झालेला पोरगा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत होता, आणि ते हुंदके विनोदी होते, म्हणून लोक हसत होते. रूपरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा दाबला. तो गप्प झाला. प्रेमदासनं सूर दिला.

'सरली वरात' पर्यंत कोणी तरी हसत होतं. 'दीप विझेना'ला ते थांबलं. रूपराव उठून उभे राहिले नाहीत, हात हलवला नाही, चाळीस वर्षांत ठरवून ठेवलेलं काहीच केलं नाही. आवाज फाटत होता तिथं फाटू दिला. वरच्या जागेवर तो उभा राहिला आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त उभा राहिला. मग उंबऱ्यावरचा पाय निघेना, निघेना, असं दोनदा म्हणत ते खाली आले, आणि सूर सुटला.

ते थांबले. डोळे खाली, हात पोराच्या डोक्यावर. लोकांकडं बघायचं नसतं.

सभागृहात आवाज नव्हता. कोणी खोकलं नाही. पंखे फिरत होते ते ऐकू येत होतं. टाळी नाही, हसू नाही, काही नाही. तबल्याचा ठेका मंद चालू होता. रूपरावांनी एक आवर्तन मोजलं, दुसरं मोजलं. मांडीवरचा पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "बाबूजी, माहं वाक्य हाये आता." रूपराव हलले नाहीत. तिसरं आवर्तन निम्म्यावर आलं आणि प्रेमदासनं पेटीवर पुढच्या प्रवेशाचं संगीत धरलं. भटजी मुंडावळ्या शोधत आत आला. लोक पुन्हा हसू लागले.

नाटक दोन मिनिटं आधी संपलं. संध्याकाळीच निकाल लागला. मंडळाला इतिहासात पहिल्यांदा बक्षीस मिळालं: 'वेळेच्या काटेकोर पालनाबद्दल विशेष प्रशस्तिपत्र'. प्रभाकररावांनी ते मंचावर जाऊन दोन्ही हातांनी घेतलं.

परतीच्या ट्रकात पोरं आगीचं पद ओरडत होती. रूपराव कडेला बसले होते, गालावर थोडा रंग राहिला होता. चिंधू सरकत त्यांच्याजवळ आला.

"बाबूजी, लय भारी गायले. माह्या अंगावर काटा आला, बुद्धाशप्पथ. सूचना नसती झाली ना, तं लोकाईनं सोडलं नसतं तुमाले."

"कोनती सूचना?"

चिंधूनं जीभ चावली. मग सांगितलं. त्याच्या तीन आगींनी सात मिनिटं खाल्ली होती. म्हणून मध्यंतरात प्रभाकरराव पडद्याबाहेर आले आणि हात जोडून माइकवर म्हणाले, की रसिकहो, वेळेची मर्यादा आहे, आता पुढं कृपया वन्समोर देऊ नये, टाळ्याही आवरत्या घ्याव्यात, नाहीतर आमचं नाटक बाद होईल. लोकांनी ऐकलं. वर्धा जिल्ह्यातल्या लोकांनी माइकवरची सूचना पाळल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

रूपरावांनी पुढं बसलेल्या प्रेमदासच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं विचारलं, "तुले ठाऊक होतं?"

"हो जी. मी थितंच बसलो होतो."

"मंग, तुले काय वाटलं? आला असता का?"

प्रेमदास खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, हीच त्याची अडचण होती. "मी पेटीकडं पायत होतो, बाबूजी. लोकाईकडं नाई पायलं."

दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव स्वतः घरी आले. "रूपरावजी, ती सूचना मी तुमच्यासाठीच दिली. माझी खात्री होती, तुम्हाला तीन तरी पडणार. मग आपण बाद झालो असतो."

रूपरावांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. पस्तीस वर्षं काट्यावर बसल्यानं ओला कापूस कोणता आणि वाळला कोणता, हे त्यांना हात न लावता कळायचं. प्रभाकररावांचं काही कळलं नाही.

त्या दिवशी जेवताना त्यांनी मनकर्णाबाईंना विचारलं. छत्तीस वर्षांत या विषयावर दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं.

"लोक गप होते ना?"

"होते."

"कसे गप होते?"

"गप म्हंजे गप. त्याचा का प्रकार रायते का?"

"रायते वं. कटाळून गप बसते मानूस, नाई तं मंग..."

"मी समोर पायत होती. मांगच्या लोकायचं मले काय ठाऊक? भाजी घ्या."

रूपरावांनी भाजी घेतली.

महिन्याभरानं रोहण्याहून निमंत्रण आलं. तिथल्या उत्सवात 'मुहूर्तभंग' हवं होतं. परीक्षक नाहीत, वेळेचं बंधन नाही, माइकवर सूचना नाही. प्रभाकरराव सकाळी सायकलवरून सांगायला आले. मनकर्णाबाईंनी चहा टाकला.

"येत्या रविवारी आहे, रूपरावजी. तुमची आत्या आहेच."

रूपरावांना रोहण्यात हवं तेवढं थांबता येणार होतं. आणि तिथंही कोणी ओरडलं नाही, तर? मग सूचना नसती तर काय झालं असतं, याचा निकाल लागला असता, आणि अमरावतीचाही.

"नाई जी," ते म्हणाले. "आता वय झालं. मले नाई जमाचं."

विदर्भात पाहुणा चहालासुद्धा दोनदा नाही म्हणतो. पहिल्या 'नाही'ला कोणी कानावर घेत नाही; 'असं कसं जी' म्हणून पुन्हा विचारायचं असतं, आणि त्या पुन्हा विचारण्यावर माणसाचं काय ते ठरतं. रूपरावांचं ठरलं नव्हतं. ते जमिनीकडं बघत थांबले.

साताऱ्याकडं माणूस नाही म्हणाला, की ते नाहीच असतं.

"खरं आहे, दगदग फार होते," प्रभाकरराव म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी सुटका होती. "चिंधू करेल म्हणतो आत्या. त्याला पाठही आहे." चहा संपवून, बशी उपडी ठेवून ते उठले. रूपराव फाटकापर्यंत गेले. प्रभाकररावांनी सायकल फिरवली, चाकात हवा आहे का बघितलं, आणि गेले.

रविवारी ट्रक आला तेव्हा मनकर्णाबाई पदर खोचून चढल्या. रोहण्याला त्यांची बहीण दिली होती. रूपराव घरी राहिले. त्या सोमवारी दुपारी परतल्या, पाय धुतले, बहिणीनं दिलेली बोरं सुपात ओतली आणि निवडायला बसल्या. रूपराव समोर येऊन बसले आणि किडकी वेगळी काढू लागले.

"झालं का नाटक?"

"झालं."

"आत्याचं पद?"

"म्हनलं त्या पोरानं. पापड हातात धरून म्हने. लोक लोळून लोळून हासले."

"वन्समोर भेटला?"

"दोन."

रूपरावांनी मान हलवली. थोडा वेळ बोरंच निवडली. मग मनकर्णाबाई सुपाकडंच बघत म्हणाल्या, "थितं तुमच्या वेळेसारखं गप नाई झालं कोनी."

रूपरावांचा हात थांबला. पुढं त्या काही बोलतील म्हणून ते वाट पाहत राहिले. पण मनकर्णाबाईंनी सूप उचललं, दोनदा पाखडलं, आणि आत गेल्या.